नगररचनाकार प्रवीणा मेहता



विषय लवकर कळवावा, असा व्याख्यानमालेच्या चालकांचा तगादा होता. आम्ही कळविला. त्याच संध्याकाळी चिटणिसांचा दूरध्वनी आला. "विषय चांगला आहे, पण या प्रवीणा मेहता आपल्याकडच्या कोण? आणि मुंबईच्या नकाशाचे बीडच्या माणसाला काय?" प्रश्न अगदी रास्त होता. इथला श्रोता दिवसभराचे काम उरकून, उन्हाळ्याच्या उकाड्यात सतरंजीवर येऊन बसतो. त्याला आपला वाटेल असाच विषय असावा. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, की आपण मला तासभर द्या, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर पुढल्या वर्षी बोलावू नका.

सुरुवात मुंबईपासून नको, परळीपासून करू. वैजनाथाच्या देवळाच्या त्या रुंद पायऱ्या आपण सर्वांनीच चढल्या असतील. या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केला. बाईंचे माहेर चौंडी, जामखेड तालुक्यातले. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या शिवेजवळचेच. १७६७ साली राज्याचा कारभार त्यांच्या हाती आला आणि १७९५ पर्यंत त्यांनी तो चालविला. या काळात काशी, गया, सोमनाथ येथे त्यांनी देवळे बांधली, हे सर्वांना पाठ आहे. पण महेश्वरला त्यांनी काय केले ते आम्हांला अधिक मोलाचे वाटते. नर्मदेच्या काठी घाट बांधले, राजधानी वसविली, आणि विणकर आणून त्यांना तिथे राहायला व पोट भरायला जागा दिली. देऊळ बांधणे निराळे आणि गाव वसविणे निराळे. गाव वसवायचे तर माणूस काय खाईल, पाणी कुठून आणील, त्याचा माल कोण घेईल, याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

तथापि अहिल्याबाई करवित्या होत्या. आराखडा काढणारा हात दुसऱ्या कुणाचा होता, आणि तो हात पुरुषाचा होता. आमचा आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ती पेन्सिल बाईच्या हातात केव्हा आली?

खरे म्हणजे घराची जाण बाईला नव्हती असे कधीच नव्हते. आपल्याकडच्या माळवदाच्या घरात कोणत्या झरोक्यातून चुलीचा धूर निघेल, बळदात धान्य कुठपर्यंत भरावे म्हणजे ओल लागणार नाही, ढाळजेत आलेल्या पाहुण्याची नजर आत कुठवर पोचते, हे घरातल्या म्हातारीइतके गवंड्यालाही ठाऊक नसते. आणि बांधकामावर पाहाल तर आजही डोक्यावर घमेले घेऊन पालथ्या फळीवरून वर चढणारी बाईच असते. जाण तिची, ओझे तिचे. फक्त कागद तिचा नव्हता.

मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ ची. तिथे वास्तुकलेचा रीतसर अभ्यासक्रम १९१३ मध्ये सुरू झाला, आणि योगायोग असा की ज्या मुलीने पुढे तिथून वास्तुकलेची पदविका घेणारी पहिली भारतीय स्त्री होण्याचा मान मिळविला, त्या पेरिन जमशेदजी मिस्त्री यांचा जन्मही १९१३ चाच. १९३६ मध्ये त्यांनी पदविका घेतली, दुसऱ्या वर्षी वडिलांच्या पेढीत भागीदार झाल्या आणि आयुष्यभर घरे, गिरण्यांच्या इमारती, एक चर्च असे काम करीत राहिल्या. १९८९ मध्ये त्या वारल्या. घरात वडिलांची पेढी होती म्हणून वाट सोपी झाली असे कुणी म्हणेल. सोपी झाली हे खरे; परंतु सोप्या झालेल्या वाटेनेही तोवर कुणी गेलेले नव्हते.

त्याच जे. जे. मध्ये पुढल्या दशकात मुली येऊ लागल्या, आणि ते दशक अभ्यासाचे नव्हते. १९४२ साली गांधीजींना अटक झाल्यावर तिथल्या विद्यार्थ्यांनी जी चळवळ केली तीत श्रीलंकेहून आलेली मिनेट डि सिल्वा ही विद्यार्थिनी होती आणि त्यापायी तिला शाळा सोडावी लागली. ती पुढे इंग्लंडला गेली, आणि १९४८ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राजमान्य संस्थेची सहसदस्य झालेली आशियातली पहिली स्त्री ठरली. प्रवीणा मेहता याच पिढीच्या. जे. जे. मध्ये शिकत असताना स्वातंत्र्याच्या चळवळीत पडल्या आणि तुरुंगात गेल्या. हे बीडच्या सभेत समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थांच्या हाताखाली शिकलेली मुले पुस्तके ठेवून निजामाच्या तुरुंगात गेली, त्यांची नातवंडे आज इथे समोर बसली असतील.

सुटल्यावर प्रवीणाबाई अमेरिकेत शिकागोला गेल्या. तिथे वास्तुकला शिकल्या, आणि तेवढ्यावर न थांबता नगररचनाही शिकल्या. १९५६ मध्ये त्या मुंबईला परत आल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आपला मराठवाडा हैदराबाद सोडून मुंबई राज्यात आला. त्या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. पण मुंबईचे प्रश्न त्या दिवसापासून आपलेही प्रश्न झाले, एवढे मात्र खरे.

बाईंनी नगररचना शिकावी, यात विशेष काय? घर आखणारा माणूस एका कुटुंबाला उत्तर देतो. नगर आखणाऱ्याला अजून न आलेल्या माणसांना उत्तर द्यावे लागते. त्या काळात चंडीगढ उभे राहत होते. तिथे जेन ड्र्यू या इंग्रज बाईंनी सरकारी नोकरांची आणि शिपायांची लहान घरे आखली, आणि यूली चौधरी त्याच कामातून पुढे पंजाबच्या मुख्य वास्तुविशारद झाल्या. परंतु चंडीगढ मोकळ्या माळावर, सरकारच्या पैशाने, राजधानी म्हणून बांधले. मुंबईचा पेच निराळा होता. ती आधीच भरलेली होती.

मुंबई म्हणजे दक्षिणोत्तर पडलेली एक लांबट पट्टी. कचेऱ्या, बँका, सचिवालय, बंदर सगळे दक्षिणेच्या टोकाला. राहायला जागा म्हणून माणूस सरकत सरकत उत्तरेला. सकाळी सगळी आगगाडी दक्षिणेला, संध्याकाळी सगळी उत्तरेला. आमच्या मित्रांपैकी एकाने तीस वर्षे हा प्रवास केला. तो म्हणे, आपण आयुष्यात घरापेक्षा गाडीत अधिक उभे राहिलो. १९५१ मध्ये बृहन्मुंबईत सुमारे ३० लाख माणसे होती, १९६१ मध्ये ती ४१ लाखांवर गेली. १९६४ मध्ये महानगरपालिकेने शहराचा विकास आराखडा पुढे ठेवला. तो त्याच पट्टीचा होता. रस्ते रुंद करावे, उपनगरे नीट करावी, असा.

त्या वेळी तीन तरुण माणसांनी निराळेच म्हणणे मांडले. चार्ल्स कोरिया हे वास्तुविशारद, शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंते, आणि प्रवीणा मेहता या वास्तुविशारद व नगररचनाकार. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : या पट्टीची लांबी वाढवून काही साधणार नाही, कारण तुम्ही जितकी उत्तरेला घरे बांधाल तितकी दक्षिणेकडची गर्दी वाढेल. शहराला आडवे वळवा. खाडीच्या पलीकडे, पूर्वेला, मुख्य भूमीवर नवे नगर वसवा. आणि तिथे नुसती घरे नकोत, तिथे काम न्या. सरकारच्या कचेऱ्या न्या, बाजार न्या, उद्योग न्या. माणूस घरासाठी शहरात येत नाही, पोटासाठी येतो. पोट जिथे भरेल तिथे तो राहील. मुल्कराज आनंद ज्याचे संपादक होते त्या 'मार्ग' नियतकालिकाने १९६५ मध्ये मुंबईच्या नियोजनावर विशेष अंक काढला, त्यात ही योजना नकाशांसह प्रसिद्ध झाली.

यातली खरी मेख जमिनीच्या पैशात आहे, आणि ती आपल्या ओळखीच्या उदाहरणाने सांगतो. बीडच्या बाहेरून नवा रस्ता जाणार अशी नुसती कुणकुण लागू द्या. काल जे रान कुणी फुकट विचारीत नव्हते त्याच्या बांधावर मोटारी उभ्या राहतात. शेतात काही पिकले नाही, मालकाने विहीर खणली नाही, तरी किंमत दहापट! ही किंमत कुणी निर्माण केली? रस्त्याने, म्हणजे तुमच्या-आमच्या कराच्या पैशाने. आणि ती जाते कुणाकडे? ज्याला कुणकुण आधी लागली त्याच्याकडे. या तिघांनी म्हटले, की ही वाढ आधीच पकडा. सरकारने सगळी जमीन एकदम ताब्यात घ्यावी, तिच्यावर रस्ते, पाणी, गटारे करावी, मग वाढलेल्या किमतीने भूखंड विकावे, आणि त्या पैशातून पुढचे रस्ते, पुढचे पाणी, आणि ज्याला किंमत परवडत नाही त्याचे घर. नगराने आपला खर्च आपणच भागवावा. आम्ही स्वतः अर्थशास्त्री नव्हे, पण हा विचार पहिल्यांदा समजला तेव्हा आम्हांला वाटले, की नगररचना हे चित्रकलेचे नव्हे, हिशेबाचे शास्त्र आहे.

या तिघांपैकी कोणती ओळ कुणाची, हे वेगळे काढू नये असे आमचे मत आहे. तिघांनी मिळून केलेले काम ते तिघांचे. पण झाले असे, की आज नव्या मुंबईचा जनक कोण म्हणून विचाराल तर लोक कोरियांचे नाव सांगतील, जाणकार पटेलांचे सांगतील. ते दोघे पुढे सिडकोत अधिकारावर होते, त्यांनी लिहिलेही पुष्कळ, म्हणून त्यांची नावे राहिली यात गैर काही नाही. गैर एवढेच की तिसरे नाव सांगताना माणूस जरा थांबतो, आणि "आणखी एक बाई होत्या" असे म्हणतो. आम्हीही कित्येक वर्षे असेच म्हणत होतो. हे व्याख्यान त्या कबुलीपोटीच आहे असे समजा.

पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. सरकारने १९६५ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांची समिती नेमली, आणि तिने खाडीपलीकडे नवे केंद्र वसवावे असा सल्ला दिला. १९६६ मध्ये महाराष्ट्राचा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम झाला. बीडपासून रत्नागिरीपर्यंत ज्याच्या आधारे नगरपालिका आराखडे करतात तो हाच. १७ मार्च १९७० ला सिडको हे महामंडळ स्थापन झाले, ९५ गावांची मिळून ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या नगरासाठी नेमली गेली, आणि १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला.

परंतु मुख्य अट पाळली गेली नाही. सरकार स्वतः गेले नाही. उलट दक्षिण टोकाला समुद्रात भर घालून नरिमन पॉइंटला मनोरे उठले, आणि १९८१ मध्ये नवे विधानभवन उघडले तेही तिथेच! लोकांना 'पलीकडे जा' म्हणायचे आणि आपण मात्र खुर्ची अलीकडेच ठेवायची, असा प्रकार. आगगाडी वाशीला पोचायला १९९२ साल उजाडले. योजना प्रसिद्ध झाल्यापासून सत्तावीस वर्षे! या सत्तावीस वर्षांत जे पहिले रहिवासी तिथे गेले त्यांनी जे हाल काढले ते कोणत्याही नकाशावर दाखविलेले नाहीत.

बाजार मात्र गेला. आपल्या धारूर-बालाघाटच्या डोंगरातले सीताफळ टेम्पोत भरून रातोरात जाते ते वाशीच्या बाजार समितीत. तिथल्या गाळ्यापुढे उभा राहणारा बीडचा शेतकरी ज्या जागेवर उभा असतो ती जागा १९६५ च्या अंकात तीन माणसांनी कागदावर कल्पिली होती. आता चिटणिसांच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले असेल. आणि पूर्व-पश्चिम जोडण्याची त्यांची मूळ कल्पना म्हणाल, तर शिवडीहून न्हावाशेवाकडे जाणारा सागरी सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला.

आता कडू भाग. शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात बोलताना तो गाळला तर आपण आम्हांला उठवून द्याल, आणि योग्यच कराल. जमीन आधी स्वस्तात घ्या आणि मग महाग विका, हे सूत्र कागदावर सुंदर दिसते. पण ती स्वस्त जमीन कुणाची होती? आगरी, कोळी, भातखाचरे आणि मिठागरे कसणारे लोक. त्यांना शेतीचा भाव मिळाला आणि त्यांच्याच बांधावर शहराचा भाव उगवला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली ते रस्त्यावर आले. १९८४ च्या जानेवारीत जासई भागात गोळीबार झाला, पाच माणसे गेली. त्यानंतर, विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के मूळ मालकाला परत, हे तत्त्व आले. आमचे मत असे की हे साडेबारा टक्के पहिल्या दिवशीच्या आराखड्यात असावयास हवे होते. किंमत समाजाने निर्माण केली म्हणून ती समाजाची, हे तत्त्व आम्ही मान्य करतो. पण ज्याची भाकर गेली तोही त्या समाजातलाच पहिला माणूस आहे. प्रवीणाबाईंच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या विचारातली ही उणीव आहे, आणि ज्यांना आपण मोठे मानतो त्यांची उणीव झाकणे हा त्यांचा मान नव्हे.

उरलेले अर्धे उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. बीड शहराबाहेरची खजाना विहीर पाहा. सोळाव्या शतकात, निजामशाहीत बांधलेली. भुयारी पाटांनी तिचे पाणी रानात जाते. ज्यांनी ती बांधली त्यांनी आधी जमिनीखालचे पाणी ओळखले, मग पाट काढला. आणि त्याच शहरात बिंदुसरेच्या पात्राला आम्ही घरे भिडवीत गेलो. २३ जुलै १९८९ च्या रात्रीचे पाणी ज्यांनी पाहिले आहे ते इथे बसले आहेत. नदी वाट चुकली नव्हती. आपली वाट तिने परत मागितली होती. नगररचना हा मुंबईचा शौक आहे असे ज्यांना वाटते त्यांना आम्ही पेठेतल्या कुणा म्हाताऱ्याकडे पाठवू.

आणखी एक नगर आहे. ते दरवर्षी वसते आणि दरवर्षी मोडते. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, गाड्या भरून कारखान्यांकडे निघतात. फडाजवळच्या माळावर एका संध्याकाळी शेकडो कोपी उभ्या राहतात. कोप बहुधा बाईच उभी करते : कळक, चटई, वर कागद, कडेला तीन दगडांची चूल. हजारो माणसांची ही वस्ती सहा महिने टिकते, परंतु तिला आराखडा नाही. नळ कुठे, शौचाला आडोसा कुठे, रात्री दिवा कुठे, याचा विचार करणारे कुणी नाही. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तीत या जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशये काढलेली आढळली. याची कारणे अनेक आहेत. डॉक्टर, मुकादम, बुडणारी मजुरी, सगळी आहेत. पण पाणी आणि आडोसा नसलेली वस्ती हेही त्यातले एक कारण आहे, आणि ते नकाशावर सोडविण्यासारखे आहे.

आमच्या माहितीतली एक मुलगी, नाव सांगत नाही, वास्तुकला शिकते. तिचे आईबाप कोयत्यावर गेलेले. शेवटच्या वर्षाच्या अभ्यासासाठी तिने अशीच एक वस्ती निवडली. शिक्षक म्हणाले, काहीतरी मोठी इमारत घे. ती ऐकेना. सुट्टीत आईबरोबर माळावर गेली आणि कोपीपासून पाण्यापर्यंतची पावले मोजू लागली. आई म्हणाली, "अगं, पावलं दिवसा काय मोजतीस? आम्ही अंधाराचं जातो." मग तिने रात्रीचा निराळा नकाशा काढला. तो नकाशा आम्ही पाहिला आहे. त्यात इमारत एकही नाही. दिव्याचे चार खांब, नळाचे दोन कोंडाळे आणि आडोशाची एक रांग आहे, आणि प्रत्येकापुढे पावलांचा आकडा लिहिला आहे. तिला त्या कामाला किती गुण पडले ते आम्ही विचारले नाही. तिने प्रवीणा मेहतांचे नाव ऐकले आहे का, एवढे मात्र विचारले. नव्हते ऐकले.

म्हणून घरी परतल्यावर 'मार्ग'च्या त्या १९६५ च्या अंकातल्या काही पानांच्या छायाप्रती काढून तिला पाठविल्या. आपल्यापैकी कुणी मुंबईला गेला आणि एखाद्या जुन्या ग्रंथालयात तो अंक हाती लागला, तर जरूर चाळावा. लेख इंग्रजीत आहेत. पण नकाशा वाचायला इंग्रजी लागत नाही, खाडी कुठे आणि पूल कुठे हे कुणालाही दिसते. चालकांची दुसरी चिठ्ठी आली आहे, आणि चिटणीस मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत आहेत. प्रश्न विचारायचे असतील त्यांनी खाली उतरल्यावर खुशाल विचारावे; आमची परतीची गाडी रात्री साडेदहाची आहे.